टिबुकली राहिली, अलाओत्राची टिबुकली गेली. नेमकं का?

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. २ फेब्रुवारीच्या पाणथळ दिनासाठी एक फलक करायचाय. शेजारी शेजारी दोन चित्रं. डावीकडे आपली टिबुकली (टॅकीबॅप्टस रुफिकॉलिस), जी पाझर तलावापासून धरणापर्यंत कुठंही दिसते. उजवीकडे तिची मादागास्करमधली बहीण, अलाओत्रा टिबुकली (टॅकीबॅप्टस रुफोलॅव्हेटस), जी २०१० मध्ये नामशेष जाहीर झाली. आकार जवळजवळ सारखा, घराणं एक, मग एक राहिली आणि एक गेली, असं का? उत्तराला जागा १२० शब्दांची.

उजव्या चित्राखाली सध्या एवढंच लिहिलंय: "सामान्य टिबुकलीशी संकर झाल्यामुळे नामशेष." हे बरोबर आहे का? एका वाक्यात उरकल्यासारखं वाटतंय. जाणकारांनी सांगावं.

गोगलगाय
म्हणजे डावीकडच्या चित्रानेच उजवीकडच्या चित्राला खाल्लं म्हणायचं! फलक लहान मुलांसाठी असेल तर जपून.

दुर्बीणवाला
आधी एक किरकोळ पण महत्त्वाचं. फलकावर कुठंतरी "टिबुकली म्हणजे बदक नव्हे" हे येऊ द्या. तळ्यावर येणारे दहापैकी आठजण तिला बदकाचं पिल्लू म्हणतात. बदकाच्या पायाला बोटांमध्ये पडदा असतो. टिबुकलीच्या बोटांना पडदा नाही, प्रत्येक बोटाला स्वतंत्र झालर असते. पाय पार मागे, जवळजवळ शेपटीच्या जागी. शेपूट तर नसल्यातच जमा. त्यामुळे पाण्याखाली ती पाणबुडी आणि जमिनीवर अगदीच लंगडी.

लव्हाळी
बोटांना झालर वारकरी पक्ष्यालाही (इंग्रजीत कूट) असते, हे जोडून लिहा. नाहीतर कोणीतरी वारकरी दाखवून "ही बघा मोठी टिबुकली" म्हणेल.

गोगलगाय
पक्ष्यांतल्या वारकऱ्याच्या पायाला झालर आणि खऱ्या वारकऱ्याच्या पायाला फोड. हा अन्याय आहे.

चिखलपाय
तळ्याकाठीताई, "संकरामुळे नामशेष" हे वाक्य काढाच. ते खोटं नाही, पण शेवटचा अंक सांगून पहिले तीन अंक गाळल्यासारखं आहे. क्रमाने सांगतो.

अलाओत्रा हे मादागास्करमधलं सगळ्यात मोठं सरोवर. समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. उघडं पाणी अंदाजे २०,००० हेक्टर, आणि भोवती जवळपास तेवढीच दलदल. खोली मात्र अगदी बेताची, बहुतेक ठिकाणी एक ते चार मीटर. म्हणजे सूर्यप्रकाश तळापर्यंत जाणार, पाणवनस्पती भरपूर, त्यात कीटकांच्या अळ्या, गोगलगायी, छोटे मासे. टिबुकलीला याहून चांगलं काय हवं?

मग काय बिघडलं?

एक, दलदल. काठाचा पपायरस (आपल्या लव्हाळ्याचा थोरला भाऊबंद) आणि नळगवत तोडून, जाळून भातखाचरं झाली. तो भाग आज मादागास्करचं भाताचं कोठार म्हणून ओळखला जातो. टिबुकलीचं घरटं या गवताच्या आडोशाला असतं. आडोसा गेला की घरटं उघड्यावर.

दोन, गाळ. भोवतालच्या टेकड्यांवरचं जंगल गेलं. तिथली लाल माती पावसात कोसळून टेकडीला घळीच्या घळी पडतात, त्यांना तिथे लावाका म्हणतात. ती माती शेवटी तळ्यातच. गढूळ पाण्यात डोळ्यांनी शिकार करणारा पक्षी उपाशी राहतो. शिवाय प्रकाश तळापर्यंत पोचत नाही, म्हणून पाणवनस्पतीही जातात.

तीन, बाहेरून आणलेले मासे. १९५० च्या दशकात तिलापिया, म्हणजे आपली चिलापी. त्यातली एक जात चक्क पाणवनस्पतींवर जगते. कार्प तळ उकरून गढूळ करतो तो वेगळाच. त्यानंतर आला शिकारी ब्लॅक बास. आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस मादागास्करमध्ये मरळीच्या कुळातला एक आशियाई मासा आणला गेला, तोही अलाओत्रात शिरला. हे दोघे छोटे मासे संपवतातच, पण पृष्ठभागावर पोहणारं पिल्लूही खालून ओढतात.

चार, तंगुसाची (नायलॉनच्या तंतूची) जाळी. याबद्दल सावकाश लिहितो, कारण ही गोष्ट फलकावर यायलाच हवी.

एवढं सगळं झाल्यावर जे थोडे पक्षी उरले त्यांना आपल्या जातीचा जोडीदार मिळेना, म्हणून ते सामान्य टिबुकलीशी जुळले. संकर हा शेवट आहे, सुरुवात नाही.

शंकासुर
चिखलपायराव, मुद्दा पटला, पण एक शंका. संकर जुना आहे. व्हूस आणि पेन यांचा मादागास्करच्या टिबुकल्यांवरचा अभ्यास १९६५ चा, आणि त्यातच दोन्ही जातींच्या मधल्या रूपाच्या पक्ष्यांचं वर्णन आहे. म्हणजे बास आणि मरळ यांनी पुरतं नुकसान करायच्या आधीच मिश्रण सुरू होतं. मग संकराला "शेवटचा अंक" कसं म्हणता?

चिखलपाय
शंका रास्त आहे. संकर आधी सुरू झाला, हे मान्य. पण संकर सुरू होणं वेगळं आणि संकराने जात बुडणं वेगळं. दोन जाती एका पाण्यावर असल्या की अधूनमधून मिश्र जोडी जमतेच. बदकांमध्ये तर सर्रास. तेवढ्याने जात बुडत नाही, कारण बहुसंख्य पक्षी आपल्यातच जोडी करतात. गुणोत्तर उलटलं की मग जात बुडते. पाचशेत पाच परके असतील तर परके विरघळतात. पाचशे परक्यांत तुम्ही पाच असाल तर तुम्ही विरघळता.

आणि ते गुणोत्तर उलटवलं कोणी? चिलापीनेच. बारकी चिलापी सामान्य टिबुकलीला छान मानवते, त्यामुळे चिलापी सोडलेल्या पाण्यांवर ती मादागास्करभर वाढली. त्याच पाण्यांवरच्या स्थानिक टिबुकल्या, म्हणजे अलाओत्राची आणि दुसरी मादागास्कर टिबुकली (पेल्झेलनी), दोन्ही घटल्या. पेल्झेलनी अजून आहे, पण तीही धोक्यातल्या यादीत आहे.

शंकासुर
हं. म्हणजे एकच मासा एकीला पथ्यावर, दुसरीला कुपथ्य. हे मला नवीन होतं. शंका अर्धी फिटली, अर्धी राखून ठेवतो.

मरळप्रेमी
मरळीला बदनाम करू नका हो! आपल्याकडे मरळ आणि टिबुकली एकाच तळ्यात पिढ्यानपिढ्या आहेत. मरळ टिबुकलीचं पिल्लू सोडते असं नाही, संधी मिळाली की घेतेच. पण आपल्या टिबुकलीची वागणूक त्या धोक्यासह घडलेली आहे. पिल्लं पहिले काही दिवस आईबापाच्या पाठीवर, पंखाखाली लपलेली असतात. पाठीवरचं पिल्लू खालच्या माशाला सापडत नाही.

दुर्बीणवाला
मरळप्रेमी, इथे थोडं सांभाळून. पाठीवर पिल्लं नेणं ही फक्त आपल्या टिबुकलीची हुशारी नाही, हे सगळं कुळच तसं करतं. अलाओत्राची टिबुकलीही या बाबतीत वेगळी असायचं कारण नाही. तेव्हा "आपली मरळीला सरावलेली, त्यांची नव्हती" हे ऐकायला छान आहे, पण फलकावर टाकू नका. फरक दुसरीकडे शोधायला हवा.

जुना_पाणवठा
फरक पंखात आहे.

अलाओत्रा टिबुकलीचे पंख आखूड होते, लांबचं उडणं तिला जमत नव्हतं असं मानतात. त्यामुळे ती अलाओत्रा आणि आसपासच्या पाण्यापुरतीच. आपली टिबुकलीही दिवसा उडताना क्वचित दिसते. घाबरली तर पाण्यावरून पाय आपटत पळते, नाहीतर बुडी मारते. म्हणून लोकांना वाटतं हिला उडता येत नाही. प्रत्यक्षात ती रात्री उडते. जूनमध्ये कोरडा असलेला खड्डा ऑगस्टमध्ये भरला की महिन्याभरात तिथे टिबुकली हजर. ती काय चालत येते?

एक तळं आटलं, विषारी झालं, जाळ्यांनी भरलं, तर आपली दुसरीकडे जाते. अलाओत्राच्या टिबुकलीला "दुसरीकडे" नव्हतंच.

गोगलगाय
रात्री बिऱ्हाड हलवणारी जमात. भाडं बुडवून जाते की काय?

लव्हाळी
जुना_पाणवठाकाकांशी सहमत. आणि हे एकट्या अलाओत्राचं नाही. या कुळातल्या ज्या जाती एका तळ्यापुरत्या किंवा अगदी थोड्या पाण्यांपुरत्या राहिल्या, त्यांच्यावर एकामागून एक संकट आलंय.

ग्वातेमालातल्या आतित्लान सरोवराची टिबुकली (पोडिलिंबस गिगास). उडता न येणारी. १९५८ आणि १९६० मध्ये तिथे ब्लॅक बास सोडला. दोनशेच्या आसपास पक्षी होते, ते १९६५ पर्यंत ८० वर आले. मग संरक्षण झालं, १९७३ पर्यंत पुन्हा २१० च्या घरात. आणि १९७६ चा भूकंप! सरोवराच्या तळाला भेगा पडल्या, पाणी उतरत गेलं, काठाचं नळगवत कोरडं पडलं. १९८३ मध्ये ३२ उरले, त्यातही बरेचसे तिच्याच घराण्यातल्या सामान्य टिबुकलीशी (पोडिलिंबस पोडिसेप्स) झालेल्या संकराचे असावेत असं निघालं. १९८९ नंतर नाही.

कोलंबियातली टोटा सरोवर आणि बोगोटाच्या दलदलीतली टिबुकली (पोडिसेप्स अँडिनस) शेवटची दिसली १९७७ मध्ये. तिथे रेनबो ट्राउट सोडला होता. तिची सगळ्यात जवळची नातेवाईक काळ्या मानेची टिबुकली आज जगात सगळ्यात जास्त संख्येने असलेली टिबुकली आहे. म्हणजे ताईंच्या फलकावरच्या जोडीसारख्याच आणखी दोन जोड्या.

शंकासुर
ग्वातेमालातही संकर! बघा, मी अर्धी शंका राखून ठेवली होती ती याचसाठी.

लव्हाळी
उलट तिथे चिखलपाय यांचंच म्हणणं पक्कं होतं. आधी संख्या पडली, मग सामान्य जात त्या रिकाम्या जागेत शिरली, मग मिश्रण. मोठी जात भरपूर असताना सामान्य जातीला तिथे तसं बस्तान बसवता आलं नव्हतं.

शंकासुर
बरं बाई, पाऊण फिटली.

निळा_शेला
अवांतर: यापेक्षा आपलं गुलाबी डोक्याचं बदक का घेत नाही? भारतातलं, लोकांना जवळचं वाटेल.

दुर्बीणवाला
मोह होतो खरा. पण आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ते अजून "नामशेष" नाही, "अतिसंकटग्रस्त" आहे. १९३५ ची दरभंग्याची नोंद आणि त्यानंतरचे बेभरवशाचे दावे, एवढंच हाती असलं तरी. "नामशेष" हा शब्द लिहायचा तर शेवटचा पक्षी मेला याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये, आणि त्यासाठी योग्य जागी, योग्य ऋतूत, पुरेसा शोध घेतलेला असावा लागतो. अलाओत्राच्या बाबतीत तो झाला. १९८२ मध्ये १२ पक्षी मोजले गेले. १९८५ नंतर खात्रीशीर काही नाही. पुढे १९८९, १९९९, २०००, २००४ आणि २००९ मध्ये शोध घेऊनही हाती काही लागलं नाही. तेव्हा कुठे मे २०१० मध्ये जाहीर केलं. नैसर्गिक अवस्थेतला तिचा एकच फोटो आहे, तोही १९८५ चाच.

आणि गुलाबी बदकाची डाव्या चित्राशी जोडी काय लावणार? इतकं जवळचं आणि इतकं सर्रास दिसणारं नातेवाईकच नाही. टिबुकलीची जोडी नेमकी बसते.

निळा_शेला
समजलं, धन्यवाद. माघार.

चिखलपाय
जाळ्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं.

पूर्वीची जाळी सुताची, जाड. पाण्यात दिसायची, भिजून जड व्हायची, कुजायची. एकतंतू नायलॉनची, म्हणजे तंगुसाची जाळी पातळ, पारदर्शक, स्वस्त आणि न कुजणारी. माशाला दिसत नाही तशी टिबुकलीलाही दिसत नाही. टिबुकली माशामागे बुडी मारते, मान जाळ्याच्या डोळ्यात अडकते, मागे फिरायला जावं तर झालरवाले पाय गुंततात. तिची नेहमीची बुडी दहा ते पंचवीस सेकंदांची. जाळ्यात धडपडताना हवा आणखी लवकर संपते. पक्षी बुडून मरतो आणि सकाळी जाळं ओढताना हाती येतो.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे पाणवनस्पतींच्या कडेला समांतर लावलेलं जाळं. बारके मासे तिथेच, टिबुकलीही तिथेच. आणि तुटून तळ्यात राहिलेलं जाळं वर्षानुवर्षं मारत राहतं.

उपाय साधे आहेत. विणीच्या महिन्यांत गवताच्या कडेची पट्टी जाळ्यांविना ठेवायची. फाटलेलं जाळं पाण्यात न टाकता बाहेर काढायचं. हे तळ्यावर मासेमारी करणाऱ्यांशी बोलून ठरवावं लागतं, फलक लावून नव्हे. पण फलकावर एक ओळ तरी येऊ द्या.

तळ्याकाठी
चिखलपाय, जुना_पाणवठाकाका, लव्हाळी, सगळ्यांचे आभार. मूळ वाक्य रद्द. आता डाव्या चित्राखाली काय लिहू? "ती सर्वत्र आढळते" एवढं अगदीच कोरडं वाटतं.

लव्हाळी
घरटं दाखवा. कुजकी पाणवनस्पती, शेवाळ, हायड्रिलाच्या जुड्या, असा सगळा ओला चिखलगाळ रचून केलेला तरंगता ढीग, पाणकणसाच्या एखाद्या दांड्याला अडकवलेला. बघणाऱ्याला वाटतं कचरा साठलाय. अंडी साधारण चार ते सहा. घातली तेव्हा पांढरी, पण त्या ओल्या गाळाने दोनचार दिवसांत चहाच्या कपाच्या तळासारखी तपकिरी. नर-मादी दोघं उबवतात, वीस ते पंचवीस दिवस.

सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट म्हणजे घरटं सोडतानाची. धोका दिसला की पक्षी चोचीने भराभर दोन्ही बाजूंचं शेवाळ अंड्यांवर ओढतो, चारपाच झटके, आणि आवाज न करता पाण्यात सरकतो. मागे उरतो फक्त ओल्या गवताचा ढीग. वरून घार गेली तरी तिला अंडं दिसत नाही.

जुना_पाणवठा
आणि हे घरटं कशाने बुडतं तेही लिहा. तरंगतं आहे म्हणून पाणी हळूहळू चढलं तर तेही चढतं. अडचण दोन वेळा. पाणी एका रात्रीत भरभर चढलं की गाठ सुटते आणि घरटं वाऱ्याने वाहून जातं. किंवा कालव्याला पाणी सोडल्यावर पातळी झपाट्याने उतरते, तेव्हा घरटं दांड्याला लटकून तिरकं होतं आणि अंडी घरंगळतात. काठाशी असेल तर चिखलावर टेकतं, मग कुत्रं, कावळा, मुंगूस, कोणीही पोचतो.

पण टिबुकली हार मानत नाही. एक वीण गेली तर दुसरी घालते, वर्षात दोन विणी सहज. हेही तिच्या टिकण्याचं एक कारण.

गोगलगाय
अंडी झाकून जाणारी आणि बिऱ्हाड रात्री हलवणारी. हिचं सगळंच गुपचूप. आवाज तेवढा घोडा खिंकाळल्यासारखा.

मरळप्रेमी
आपल्या धरणांतही चिलापी आहे. उजनीत तर चिलापीशिवाय बोलणंच नाही. मग अलाओत्रात जे झालं ते इथे का होत नाही? की होणार आहे?

चिखलपाय
चांगला प्रश्न. टिबुकलीपुरतं उत्तर वर आलंच: तिला बारकी चिलापी चालते, आणि तिच्याकडे हजारो पर्यायी तळी आहेत. पण म्हणून चिलापी निरुपद्रवी ठरत नाही. टिबुकली टिकली यावरून तळं ठीक आहे असा निष्कर्ष काढणं ही मोठी चूक. तिला डबकंही चालतं, सांडपाण्याचं तळंही चालतं. तळ्याचा ताप मोजायचा तर खास पाणवनस्पतींवर अवलंबून असलेला पक्षी बघा, कमळपक्षी बघा. टिबुकली हा अगदीच उदार थर्मामीटर आहे.

दुर्बीणवाला
+१. मोजणीतही तिची पंचाईत होते. टिबुकली मोजताना लोक एकदा दुर्बीण फिरवतात आणि आकडा लिहितात. त्या क्षणी निम्म्या पाण्याखाली असू शकतात. तळ्याचे मनातल्या मनात पट्टे पाडा, प्रत्येक पट्ट्यावर किमान अर्धा मिनिट थांबा (एक बुडी साधारण तेवढ्यात संपते), मग पुढचा. संपूर्ण तळं दोनदा करा आणि मोठा आकडा धरा, बेरीज नको. सकाळी वारा पडलेला असताना. लाटा असतील तर एवढासा पक्षी दिसतच नाही.

हेच उलट बाजूने, "नामशेष" ठरवण्यात किती कष्ट असतात ते यावरून कळावं. दोनशे ग्रॅमच्या आसपासचा, सारखा बुडणारा, गवतात लपणारा पक्षी २०,००० हेक्टरवर "नाही" हे सिद्ध करायचं!

निळा_शेला
मग नसेलच असं कशावरून? मादागास्करच्या एका बदकाबद्दलही असंच म्हणत होते ना?

लव्हाळी
मादागास्कर पोचार्ड. हो, आणि तेही अलाओत्राचंच. तिथे शेवटचा नर १९९१ मध्ये जाळ्यात सापडला. सगळ्यांनी आशा सोडली होती. २००६ मध्ये उत्तरेकडच्या एका दूरच्या सरोवरावर पुन्हा सापडलं. मग पिंजऱ्यात वीण करवली, आणि २०१८ च्या डिसेंबरात २१ पक्षी सोफिया सरोवरात सोडले. तरंगते पिंजरे करून, तिथल्या तिथे सवय लावून.

पण फरक बघा. ते बदक उडणारं, म्हणून दुसऱ्या सरोवरावर एक मूठभर उरू शकलं. जुना_पाणवठाकाकांचा मुद्दा पुन्हा इथेच येतो. टिबुकलीच्या बाबतीत दुसरं सरोवर नव्हतं.

चिखलपाय
आणि पिंजऱ्यात वाढवणंही बदकाचं सोपं. बदकाचं पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतः खातं. टिबुकलीच्या पिल्लाला आईबाप चोचीतून भरवतात, जिवंत भक्ष्य लागतं, पाठीवर ऊब लागते. वर हे कुळ स्वतःची पिसं खातं आणि पिल्लांनाही भरवतं. माशांचे काटे पोटात टोचू नयेत म्हणून पिसांचा बोळा अस्तरासारखा काम करतो असं मानतात. हे सगळं माणसाने करायचं म्हणजे दिवसभराची चाकरी.

गोगलगाय
पिसं खाणारी टिबुकली! ताई, हे वाक्य फलकावर टाका, बाकी कोणी काही वाचलं नाही तरी हे वाचतील.

लव्हाळी
आणि टिबुकलीचं सगळ्यात जवळचं नातं बदकाशी नव्हे, रोहिताशी (फ्लेमिंगोशी) आहे हेही टाका. जनुकांच्या अभ्यासातून निघालंय. भिगवणला रोहित बघायला गर्दी करणाऱ्यांनी पुढ्यातल्या टिबुकलीलाही एक नजर द्यावी, भावकी आहे.

शंकासुर
शेवटची पाव शंका. संकर झाला म्हणजे अलाओत्रा टिबुकलीची जनुकं आजच्या मादागास्करमधल्या टिबुकल्यांत असू शकतात. मग "नामशेष" म्हणणं बरोबर का?

दुर्बीणवाला
बरोबरच. दुधात साखर विरघळली की साखरेचा दाणा परत मिळत नाही, चव राहते. जात म्हणजे नुसती जनुकांची यादी नव्हे, ती एकत्र नांदणारी, आपल्यातच वीण करणारी पक्ष्यांची वस्ती. ती संपली.

शंकासुर
चव राहते... ठीक. शंका पूर्ण फिटली. फलकाला माझी मंजुरी.

तळ्याकाठी
मंजुरीबद्दल आभारी आहे, शंकासुरराव! मसुदा बघा:

"डावीकडे टिबुकली. लांबी २५ ते २९ सें.मी. बदक नव्हे, बोटांना पडदा नाही, झालर आहे. तरंगतं घरटं बांधते, उठताना अंडी शेवाळाने झाकते, पिल्लं पाठीवर नेते. कीटक, गोगलगायी, बेडकांची पिल्लं, छोटे मासे, सगळं खाते. रात्री उडून नव्या पाण्यावर जाते, म्हणून एक तळं गेलं तरी उरते.

उजवीकडे अलाओत्रा टिबुकली. मादागास्करमधल्या एका सरोवरापुरती. आखूड पंख, दूर उडणं जमत नसे. दलदलीची भातखाचरं झाली, पाण्यात गाळ आला, बाहेरचे मासे सोडले, तंगुसाच्या जाळ्यांत पक्षी बुडाले. उरलेल्या थोड्यांना जोडीदार मिळेना, त्यांचा सामान्य टिबुकलीशी संकर झाला. १९८५ नंतर खात्रीने दिसली नाही. २०१० मध्ये नामशेष जाहीर."

चित्रकाराने दोन्ही चित्रं पाठवलीत. उजवीची माहिती: गाल-गळा फिकट, डोळा फिकट पिवळा. डावीची: मान आणि गाल विटकरी तांबडे, चोचीच्या मुळाशी पिवळा ठिपका, डोळा पिवळा.

दुर्बीणवाला
मसुदा उत्तम. पण थांबा, डावीचा डोळा पिवळा?

तळ्याकाठी
हो, चित्रकाराने नेटवरचा फोटो बघून काढलंय. फोटो टिबुकलीचाच आहे, नाव तपासलं.

दुर्बीणवाला
फोटो टिबुकलीचाच असेल, पण तैवान-जपानकडचा असणार. पूर्व आशियातल्या उपजातींचा डोळा पिवळा असतो. आपल्याकडची उपजात कॅपेन्सिस, तिचा डोळा गडद, तांबूस तपकिरी. आणि गंमत म्हणजे आफ्रिका आणि मादागास्करमध्येही हीच कॅपेन्सिस आहे. म्हणजे अलाओत्राच्या टिबुकलीची जागा घेतली ती आपल्याच पाझर तलावावरच्या उपजातीने. दोघी शेजारी उभ्या केल्या तर डोळा हीच पहिली खूण, आणि नेमकी तीच फलकावर पुसली जातेय.

अजून एक. विणीच्या हंगामाबाहेर आपलीही टिबुकली फिकट होते, गळा पांढुरका, मान बदामी. त्या रंगातली डावीकडे काढू नका, उजवीसारखी दिसेल. विणीच्या रंगातलीच ठेवा, फक्त डोळा बदला.

तळ्याकाठी
बाप रे. म्हणजे डाव्या चित्रावर बाकी सगळं बरोबर आणि डोळा तेवढा उजवीचा. चित्रकाराला कळवते, गडद तांबूस तपकिरी.

गोगलगाय
संकर झाला म्हणायचा. फलकावरच!